भागीमावशीचे केस

धर्माकाकाने माझ्या भागीमावशीला फसवलं. धर्माकाका हा मावशीचा सख्खा दीर. शेणव्याच्या ज्या घरात मावशी नवऱ्यामागे राहिली, राबली, त्या घराचा कर्ता. त्याने तिला शब्द दिला, मोडला, आणि मोडताना देवीचं नाव पुढे केलं. मावशीला जाऊन महिना उलटला. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहावं असं म्हणतात. पण मी शिकेकाईचा व्यापार करणारी बाई. पोत्यात खडे असतील तर खडे आहेत असंच सांगते.

तरी डोळे मिटले की भांडण मागे राहतं आणि केस पुढे येतात... पोटऱ्यांपर्यंत पोचणारे मावशीचे केस. सिद्धगडाच्या पायथ्याशी आमचं घर. मावशी माहेरपणाला आली की ओढ्यावर न्हायची आणि उंबराच्या सावलीत, वाऱ्याकडे पाठ करून केस मोकळे सोडून बसायची. पाण्यावरून शिकेकाईचा फेस हळूहळू खाली जायचा, त्यात नागरमोथ्याचा वास मिसळलेला असायचा, आणि मला, लहान होते तेव्हा, खरोखर वाटायचं की हा ओढा मावशीच्या केसांतूनच निघतो. ती मऊ झालेल्या जुन्या लुगड्याच्या फडक्याने केस नुसते दाबायची, चोळायची नाही. मी फणी घेऊन धावले की हात धरायची. "ओल्या केसाला फणी लावतंस? वढशील तसा लांबल नि मंग तुटल. थांब गो जरा, वाऱ्याला करू दे त्याचं काम." मग वाळल्यावर टोकाकडून सुरुवात. आधी वीतभर टोक मोकळं करायचं, मग त्याच्या वर, मग त्याच्याही वर. आमच्याकडे सगळ्याजणी डोक्यापासून फणी खाली ओढत, आणि मग मूठमूठ केस निघाले की नजर लागली म्हणत.

पाण्याला जातानासुद्धा तिची रीत वेगळी. हंड्याखाली चुंबळ ठेवतात, ती रोज एकाच जागी घासून टाळूवरचे केस झडतात, हे तिने हेरलं होतं. चुंबळीखाली ती तेलाचा हात लावलेलं फडकं ठेवायची आणि भांग कधी डावीकडे, कधी उजवीकडे पाडायची. बाया हसायच्या. "भागे, हंडा वाहतंस का लगीन लावतंस केसांचं?" ती म्हणायची, "लगीन लावलं असतं तर नांदले तरी नसते. आता बरे नांदतात." इरलं घेऊन लावणीला वाकली तरी अंबाडा आधी कापडात बांधायची, कारण इरल्याच्या काड्यांत अडकून केस तुटतात. लढाईच्या दिवसांत खोबरेल मिळेनासं झालं तेव्हा ती मोहाच्या बियांचं तेल लावू लागली. वासाला उग्र, पण केस तसेच राहिले, काळेभोर, दाट.

मी न्हातीधुती व्हायच्या वयात आले आणि मला मुदतीचा ताप आला. ताप गेला, पण अंथरुणात पडून पडून केसांचा एक घट्ट गोळा झाला. आई म्हणाली, देवीची जट. आमच्या भागात जट दिसली की फणी लावत नाहीत. हळदकुंकू वाहतात, आणि मग त्या पोरीला कुणी मागणी घालत नाही. माझं सगळं आयुष्य त्या गोळ्यात अडकलं होतं. निरोप ऐकून मावशी शेणव्याहून चालत आली. माझं डोकं पाहिलं आणि आईला म्हणाली, "देवी काय येवढी रिकामी नाय, हिच्या उवांत येऊन राह्याला." आईने कानांवर हात ठेवले. मावशीने माझं डोकं मांडीवर घेतलं, गोळ्यात तेल मुरवलं, आणि बोटांनी व टोक बोथट केलेल्या बाभळीच्या काट्याने एकेक केस सोडवायला लागली. दुपारी घरच्या बाया ओसरीवर निजलेल्या असायच्या, कोंबड्या अंगणात गप्प बसलेल्या, आणि माझ्या डोक्यात कुठेतरी दूर, पाऊल न वाजवता चालल्यासारखी तिची बोटं... मी झोपायचे, जागी व्हायचे, पुन्हा झोपायचे. एका दुपारी जागी झाले तर डोकं इतकं हलकं की मानेवर आहे की नाही कळेना. केस खांद्यावर सांडले होते. एकही कापावा लागला नव्हता.

पुढे मी वाड्यापाड्यांतून शिकेकाई घेऊन मुरबाडच्या बाजारात बसू लागले, मग शहापूरला दुकान टाकलं, खर्डीच्या स्टेशनावरून पोती मुंबईला धाडली. माझ्या तोंडाला सगळे वचकतात, आणि वचकावं अशीच मी वागते. मावशी दुकानात यायची, शेंग मोडून हुंगायची आणि गिऱ्हाइकासमोर म्हणायची, "कवळी हाय गो, फेस नाय यायचा." मी चिडायचे. ती नुसती हसायची.

या थंडीत ती अंथरुणाला खिळली. कळलं तेव्हा मी तेलाची बाटली घेऊन शेणव्याला गेले. उंबऱ्यावर हळद, आत बायांची गर्दी, ओटीचे नारळ. मावशीच्या केसांचा एकच जाड दोर झाला होता आणि त्यावर कुंकू. भागीच्या अंगी देवी आली, असं गावभर झालं होतं, आणि धर्माकाका दारात छाती काढून उभा. मावशीने माझं मनगट धरलं. "सोडव गो. दगुड बांधल्यावानी झालंय डोकं. मला हलकं होऊन जायचंय."

मी बाटली उघडली तर काकाने हात आडवा घातला. मी सौद्याला बसले. माझं अख्खं दुकान देऊ केलं, शेवटी हात जोडले. तो म्हणाला, "देवाचा सौदा नाय करत आमी. फणी लावली तर घर बुडल." मी आवाज चढवला तेव्हा तो मावशीजवळ वाकला. "पुनव होऊ दे वहिनी. मंग बसंल ही फणी घेऊन. माझा शबूद."

मावशीने मला डोळ्यांनी गप्प केलं. "भांडू नको. शबूद दिलाय त्यानं." तिचा विश्वास होता. पुनवेनंतर मी पुन्हा गेले. काका म्हणाला, आता अमोशा होऊ दे. मावशी या खेपेला नुसते डोळे दाराकडे लावून पडली होती, कुणीतरी फणी घेऊन येणार आहे अशी... अमावस्येच्या आधीच ती गेली. तो दगड डोक्याला बांधूनच गेली.

तेराव्याला गेले तेव्हा देव्हाऱ्यात लाल फडक्यावर झेंडूच्या फुलांत ती जट मांडलेली होती. मुळापासून, विळ्याने कापलेली. बाया वाकून पाया पडत होत्या, नारळ फुटत होते.

धर्माकाका, फणी लावली असती तर देवी कोपली असती ना? मग विळा लावताना देवी कुठे गेली होती? मेलेल्या बाईचे केस कापायला तुमचा हात धजला, आणि जिवंत बाईने मागितलेली दोन दुपारांची सुटका तुम्ही अडवून धरली. ती का अडवलीत, हे मला सांगू नका. शेणव्याच्या चारचौघांसमोर, मावशीचं नाव घेऊन सांगा.