'सुटलं' म्हणे, पण कसं?

मंडळी, आज घरच्याच पोरीनं दगा दिला.

माझी नात गौरी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. आजच काम द्यायचं अन् सकाळपासून एका चुकीवर अडकलेली. तोच प्रश्न ऑनलाइन ग्रुपवर कोणीतरी आधी विचारला होता. खाली त्यानंच लिहिलं, "सुटलं, धन्यवाद." कसं सुटलं, ते नाई.

"काय माणूस आहे, आजी," म्हणत रडकुंडीले आली.

आमच्या आंजी गावात माझी जाऊ अशीच होती. दोघींचेही स्टोव्ह बिघडले. तिचा पेटला, तशी कसा पेटला ते न सांगता "झाला बाई" म्हणून दार लावून घेतलं.

दुपारी गौरीले उत्तर सापडलं. "ग्रुपवर लिहिलं का?" विचारलं, तर म्हणे, "वेळ कोणाले आहे, आजी?"

मले समोर जाऊच दिसली. मी गौरीपुढचं जेवणाचं ताट उचललं, म्हटलं, आधी लिही. आता लिहिलं म्हणते. मले वाचता येत नाई, हेही फोनमध्ये बोलूनच टाकलं. तुम्हीच ग्रुपवर पाहून सांगा, खरंच लिहिलं का?