चाचाचे लाडू

मानोऱ्यात तहसीलसमोर आमचं ऑनलाइन सेंटर हाय, अन् आमच्याच दाराशी टायपिंगवाले चाचा बसतात. सेंटर सुरू झाल्यापासून त्याइच्याकडे अर्ज टाइप कराले कोनी येतच नाही. तरी ते रोज सकाळी टाइपरायटरवरचं कापड काढतात, फुंकर मारतात अन् मले इचारतात, "कसा हाय धंदा, बेटा? माह्यावाला सोडून सांग!"

मंग मीच त्याइच्या मोबाइलवर एक गेम टाकून देल्ला. स्क्रीनवर बोट मारलं का एक लाडू बनते, बस! पन चाचा कसे खेळत, पाहाच तुमी! मोबाइल टेबलावर ठेवून दाही बोटं चालवत, अन् मधीच डावा हात हवेत सरकवत, जशी नवी ओळ सुरू करून राह्यले! दिवसभर टकटक टकटक. चेहरा असा खुलला होता का मी सगळ्याइले सांगत सुटलो.

परवा मले वाटलं, अजून मजा आनू. त्याइचे जमलेले लाडू खर्चून मी गेममधली लाडवाची मशीन घेऊन देल्ली. "आता बोट बी लावा लागत नाही, चाचा! लाडू आपोआप बनतात!"

चाचा पाहत राह्यले. लाडू वाढत होते, त्याइची बोटं हवेतच थांबली होती.

"म्हंजे हे बी माह्याबिगर चालते?"

"बंद करतो ना," म्हनून मी घाईघाईनं बटन शोधलं. पन मशीन एकदा घेतली का बंदच होत नाही.

"राहू दे, बेटा," ते म्हनले, अन् मोबाइल टाइपरायटरवर ठेवून दोन्हीवर कापड टाकलं.