पृथ्वी डावीकडे सरकते

लिफ्टमध्ये शिरताना बूट काढणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मिस्त्री काढायचा. बूट दाराबाहेर, मोजे बुटांत कोंबलेले, आणि हा बाबा केबिनच्या मधोमध डोळे मिटून उभा. लिफ्ट वरच्या मजल्यापर्यंत जाऊन खाली आली की शांतपणे सांगायचा, "पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये उजवा रूळ केसभर बाहेर आलाय." लिफ्ट ज्या दोन लोखंडी रुळांना धरून वरखाली जाते, त्यांतला उजवा. मग त्याचा कामातला जोडीदार वरून ओळंबा सोडून मोजायचा, आणि रूळ केसभर बाहेर आलेला असायचाच. लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कंपनीत सगळे त्याला अनवाणी मिस्त्री म्हणत. आधी चेष्टेने, नंतर मानाने.

कंपनीचा नियम मात्र वेगळा होता. दुरुस्ती झाली की केबिनच्या जमिनीवर एक नाणं कडेवर उभं करायचं आणि लिफ्ट वरखाली फिरवायची. नाणं पडलं नाही तर लिफ्ट पास. सुरुवातीची काही वर्षं जोडीदाराने इमानेइतबारे नाणं उभं केलं. पण बावीस वर्षं एकत्र काम केल्यावर कोण कोणाला तपासतो? मिस्त्री "झालं" म्हणाला की जोडीदार हत्यारं पेटीत भरायचा आणि कागदावर खुशाल लिहून टाकायचा, नाणं उभं राहिलं. मिस्त्रीचे तळवे खोटं बोलत नाहीत, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. स्वतःच्या बायकोबद्दलही तो इतक्या खात्रीने काही बोलत नसे.

चौपन्नाव्या वर्षी, एका साध्या मंगळवारी सकाळी, एका विमा कंपनीच्या इमारतीत मिस्त्री असाच डोळे मिटून उभा होता आणि त्याला वाटलं, लिफ्ट डावीकडे सरकतेय. लिफ्ट वर जाते, खाली जाते. डावीकडे जायला तिला जागाच नसते. त्याने डोळे उघडले, तेव्हा केबिन जागेवर होती. मिटले, की पुन्हा सावकाश डावीकडे. जोडीदार वर मशीनच्या खोलीत होता. मिस्त्रीने कितीतरी वर्षांनी खिशातून नाणं काढलं आणि उभं केलं. ते सोळा मजले चढलं आणि उतरलं, जराही हललं नाही. लिफ्टमध्ये काही दोष नव्हता.

दुसरा कोणी असता तर सरळ डॉक्टरकडे गेला असता. पण ज्याला आयुष्यभर लोकांनी तळव्यांवरून ओळखलं, तो तळवे बिघडले असं कसं मान्य करील? त्याने कारागिराच्या पद्धतीने विचार केला. लिफ्ट सरकत नाही. इमारतही सरकत नाही, भिंतीला कुठे चीर नाही. मग सरकतंय ते इमारतीच्याही खालचं. आणि खालची पृथ्वी तर सरकते, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे.

दर रविवारी संध्याकाळी मिस्त्रीच्या घरी त्याचा मेव्हणा यायचा. बायकोचा थोरला भाऊ, शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेला. त्याला सगळे मास्तर म्हणत. निवृत्तीनंतर मास्तरांची पंचाईत ही झाली होती की शिकवायला कोणी उरलं नव्हतं. घरचे लोक त्यांना बघितलं की कामाला लागत.

"मास्तर," मिस्त्रीने त्या रविवारी विचारलं, "पृथ्वी फिरते ते माणसाला जाणवू शकतं का हो?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत त्यांना कोणी असा प्रश्न विचारला नव्हता.

"मुळीच नाही! अहो, सूर्याभोवती आपण एका सेकंदाला तीस किलोमीटर जातोय. आत्ता, या क्षणी. तुमच्या कपातला चहा तरी हलतोय का?"

"हलत नाही," मिस्त्री म्हणाला. "पण चहाला तळवे कुठे आहेत?"

मास्तर खूश झाले. "आता तुमच्याच भाषेत सांगतो. लिफ्ट एका वेगाने चालली असली तर डोळे मिटून कळतं का, की ती चाललीय?"

"नाही. सुटताना कळतं, थांबताना कळतं."

"झालं की मग!"

"नाही झालं. लिफ्ट सरळ जाते. पृथ्वी वळत जाते. बस वळली की आपण अंगावर पडतो ना शेजारच्याच्या?"

मास्तर अक्षरशः उठून उभे राहिले. त्यांना वर्गातलं एकही पोर असं बोललेलं आठवेना. हे वळण घ्यायला पृथ्वीला अख्खं वर्ष लागतं, इतक्या मंद वळणाला कोण कोणाच्या अंगावर पडणार, हे त्यांनी पदराने ओटा पुसणाऱ्या बहिणीलासुद्धा समजावून सांगितलं.

"फिरू दे रे तिला, दादा," ती म्हणाली. "चहा गार होतोय तो पी आधी."

त्या दिवसापासून रविवारला रंग चढला. मास्तर वहीत आकडेमोड करून आणायचे, मिस्त्री आठवडाभर विचार करून हरकती काढून ठेवायचा. विषुववृत्तावर पृथ्वीच्या फिरण्यामुळे माणसाचं वजन पाव किलोभर कमी भरतं, हे मास्तरांच्या तोंडून निघालं तेव्हा मिस्त्रीचा चेहरा उजळला.

"पाव किलो? पाव किलो मला जाणवेल, मास्तर. केबिनमध्ये पोत्याची जागा बदलली तरी कळतं मला."

"कमी झालेलं जाणवतं, मिस्त्री. जन्मापासून कमी असलेलं नाही जाणवत."

मिस्त्रीने ते आठवडाभर डोक्यात घोळवलं. पुढच्या रविवारी म्हणाला, कोट्यवधी माणसांत एखाद्याला तरी जाणवत असेल. मास्तरांनी हात झटकले आणि मिस्त्रीच्या बायकोने हसत हसत जेवायला वाढलं. मिस्त्री टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता. "बघ कसा इरेला पेटलाय तुझा नवरा," मास्तर बहिणीला म्हणाले. आता सांगायला हरकत नाही, तो इरेला पेटला नव्हता. टेबल सोडलं असतं तर खुर्चीवरून पडला असता.

कारण डावीकडे सरकणं आता डोळे उघडे असतानाही होत होतं. सकाळी बिछान्यातून उठताना आधी भिंत धरायची, मग पाय टेकायचे. रस्त्याने कुंपणाच्या बाजूने चालायचं. हे त्याने बायकोला सांगितलं नाही, जोडीदाराला सांगितलं नाही. मास्तरांना तो दर रविवारी सांगत होता. पण मास्तर ते ऐकत नव्हते, फक्त प्रश्नाला उत्तर देत होते. हरलो तर आपण आजारी, जिंकलो तर आपण कोणीतरी जगावेगळे, असा तो सगळा मामला होता, आणि हे त्या घरात एकट्या त्यालाच माहीत होतं.

मग ती अकरा मजली इमारत आली. आत दातांचे दवाखाने, वकिलांच्या कचेऱ्या, वरती एक शिकवणी वर्ग. लिफ्ट नेहमीच्या देखभालीला घेतली होती. जोडीदार वर मशीनच्या खोलीत होता. मिस्त्री अनवाणी उभा राहिला आणि त्याला केबिन डावीकडे कललेली वाटली. ती कललेली नव्हती. ओळंबा सोडला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण तो दिवसभर डाव्या रुळामागे पातळ पत्र्याच्या पट्ट्या सारत राहिला. एक सारायची, अनवाणी उभं राहायचं, पुन्हा एक. संध्याकाळी त्याच्या तळव्यांना सगळं सरळ लागलं. कितीतरी महिन्यांनी पृथ्वी थांबली होती. त्याला रडू आल्यासारखं झालं.

"झालं," तो म्हणाला. जोडीदाराने पेटी भरली आणि कागदावर लिहिलं, नाणं उभं राहिलं.

तिसऱ्या दिवशी लिफ्ट सातव्या आणि आठव्याच्या मध्ये रुळात अडकली. आत दोन वकील आणि दाढ काढून आलेली एक म्हातारी. पन्नास मिनिटं. म्हातारीला उचलून बाहेर काढावं लागलं. कंपनीच्या साहेबाने कागद मागवले. नाण्याच्या ओळीखाली सही जोडीदाराची होती.

"रूळ मी बसवला," जोडीदार म्हणाला. मिस्त्री शेजारीच उभा होता. "माझी चूक झाली. मिस्त्री त्या दिवशी मशीनच्या खोलीत होता."

साहेबाने जोडीदाराला घरी बसवलं. जिना उतरताना मिस्त्री म्हणाला, "असं का केलंस?"

"तुझ्याकडून चूक झाली असं कोणी म्हणालं तर मला ऐकवणार नाही," जोडीदार म्हणाला. "आणि तुझ्याकडून होतच नाही. मीच काहीतरी केलं असणार. आठवत नाही इतकंच."

एवढ्या विश्वासापुढे माणसाने काय करावं? त्या गुरुवारी मिस्त्री मास्तरांच्या घरी गेला. रविवारची वाट न पाहता आला, म्हणून मास्तरांना आनंद झाला. त्यांनी ताबडतोब वही काढली.

"मास्तर, शेवटचं विचारतो. वाद नाही घालत. पृथ्वी कोणालाच जाणवू शकत नाही?"

"कोणालाच नाही."

"लाखात एकाला?"

"अहो, आता तरी हार माना! माणसाच्या जातीत कोणाला नाही. शंभर टक्के लिहून देतो." मास्तरांनी खरंच लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि पान फाडून पुढे केलं. "जिंकलो की नाही?"

मिस्त्रीने पान घेण्यासाठी दाराची चौकट सोडली नाही.

"जिंकलात," तो म्हणाला. "मग मला काय होतंय, मास्तर?"

मास्तर हसले, मग थांबले. मिस्त्रीची बोटं चौकटीवर पांढरी पडली होती. तेवढ्यात त्यांना ते टेबल आठवलं, ती घट्ट धरलेली कड आठवली, एकामागून एक सगळे रविवार आठवले. तीस वर्षं मुलांच्या चेहऱ्यांकडे बघून धडा शिकवणाऱ्या माणसाला एकदाही समोरचा चेहरा दिसला नव्हता. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की बूटही न घालता ते मिस्त्रीचा दंड धरून त्याला घरी सोडायला निघाले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने साहेबाला सगळं सांगितलं. जोडीदार कामावर परत आला आणि मिस्त्री घरी बसला. कानाच्या आतला, तोल सांभाळणारा भाग खराब झाला होता. तो आता बरा व्हायचा नव्हता. डॉक्टरने कपाळाला आठ्या घातल्या. "सुरुवातीलाच आला असतात तर काही करता आलं असतं. आठ महिने काय करत होतात?"

"चर्चा," मिस्त्री म्हणाला. शेजारी बसलेल्या मास्तरांनी मान खाली घातली.

मिस्त्रीने त्या आठ महिन्यांत पास केलेल्या सगळ्या लिफ्ट पुन्हा तपासायचं साहेबाने ठरवलं. एकूण एकेचाळीस. जोडीदाराने ते काम मागून घेतलं, आणि एकट्याने. महिनाभर तो फिरकलाच नाही. मिस्त्री खिडकीशी, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसून त्याची वाट बघायचा. स्वतःच्या तब्येतीचं तो डॉक्टरलाही विचारायचा नाही. त्याला एकच जाणून घ्यायचं होतं. ती एकच लिफ्ट होती, की आणखी होत्या?

महिना उलटल्यावर जोडीदार आला. डोळे खोल गेलेले, नखांत वंगण रुतलेलं.

"एकेचाळीस झाल्या," बसायच्या आधीच तो म्हणाला. "सगळ्या ठीक. एकीलाही हात लावावा लागला नाही. ती एकच होती बघ."

"ऐकलंत का?" आतून बायको म्हणाली. तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जीव आला होता. "मी म्हणतच होते."

मिस्त्रीने मनात हिशोब केला. त्याला तेवढं तर येत होतं. चांगली लिफ्ट तपासायला दीड तास लागतो. दिवसाला चार, म्हणजे एकेचाळीसला अकरा दिवस पुरे. रूळ उतरवून पुन्हा बसवायचा झाला तर एकट्या माणसाला दोन-दोन दिवस जातात. जोडीदार तीस दिवस लावून आला होता.

जोडीदार जमिनीकडे बघत होता. मिस्त्रीने खुर्चीचा हात धरला.

"बरं झालं," तो म्हणाला. "बस. दमला असशील."