बापूची बंद टपाची मोटार

बापू गेल्याचं मला मुरुडच्या धक्क्यावर कळलं. सुपारी उतरवायला गेलो होतो. श्रीवर्धनहून आलेला तांडेल दोर बांधता बांधता म्हणाला, "तुमचा मोटारवाला बापू गेला वो, परवा." मी पोत्यावर बसून राहिलो. आमच्या वयात अशा बातम्यांनी माणूस दचकत नाही, नुसता आणखी थोडा थकतो...

उमेदीची वर्षं मुंबईत मोटारींच्या कारखान्यात काढून बापू श्रीवर्धनला परतला, तेव्हा आमच्या किनाऱ्यावर मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्याही शेटलोकांच्या, समुद्रावरून पडावात घालून आणलेल्या. एखादी जुनी विकायची झाली की देणारा आणि घेणारा दोघेही बापूलाच बोलवीत. रंगाकडे, गाद्यांकडे तो ढुंकूनही पाहत नसे. चटई अंथरून सरळ गाडीखाली शिरायचा, लोखंडावरून बोट फिरवायचा आणि ते जिभेला लावायचा. खारट लागलं की भाव निम्मा. "अरे, मुलगी बघतानासुद्धा इतकं बघत नाहीत," एक शेट वैतागून म्हणाला. बापू म्हणाला, "मुलगी गंजत न्हाय, शेट."

त्याची स्वतःची मोटार बंद टपाची, विलायती, मखमली गाद्यांची. कुणा शेटनं मोडकी म्हणून टाकलेली, बापूनं वर्षभर खपून चालती केलेली. जिवापाड जपायचा तिला. आणि तरीही दर नारळी पौर्णिमेला ती समुद्रावर जायची. बापूची बायको, आमच्या वहिनी, होड्यांच्या घरच्या. त्यांच्या माहेरी त्या दिवशी होडीला समुद्राच्या पाण्यानं न्हाऊ घालून हळदकुंकू वाहतात. इथे होडी नाही, मग मोटारीला. वहिनी चाकांवर, पत्र्यावर खारं पाणी ओतायच्या आणि बापू घागरी भरून द्यायचा. एकदा मला राहवलं नाही. "अरे, लोकांच्या गाड्यांचा भाव ज्यापायी पाडतोस, तेच?" तो हळूच म्हणाला, "घालू दे रे. तिला नको सांगू."

बापूच्या मागे वहिनींना भावाच्या दारात जायचं नव्हतं. मोटार विकून मुरुडला दोन खोल्या घ्याव्यात, एवढंच त्यांच्या मनात होतं. तेरावं उरकल्यावर मुंबईचा गिऱ्हाईक आला. "भाव तुमीच करा, भावोजी," वहिनी म्हणाल्या. या वयात मी बापूच्याच चटईवर गाडीखाली सरकलो. बोट जिभेला लावायची गरजच पडली नाही, गंजाचे पापुद्रे हातात आले. खोटं बोलायला बापूनं शिकवलं नव्हतं. दोन खोल्यांची आशा एका खोलीवर आली, आणि मला फार वाईट वाटलं.

"ह्यांनी येवढी जपली," वहिनी म्हणाल्या, "मंग लोखंड कशानं खाल्लं वो?"

"हवा, वहिनी. आपली खारी हवा."

"व्हय... हवाच मेली."

दुसऱ्या दिवशी मोटार पडावात चढवायला श्रीवर्धनच्या धक्क्यावर आणली. माणसं फळ्या लावत होती. वहिनी पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेल्या आणि घागर भरून वर आल्या. हळदकुंकू आता नव्हतं, नुसती घागर होती. पुढच्या चाकावर त्या पाणी ओतू लागल्या, तसा गिऱ्हाईक ओरडत पुढे झाला. "अहो बाई, खारं पाणी—"

मी त्याचा हात धरला. "घालू द्या," म्हटलं, आणि दुसरी घागर भरायला पायऱ्या उतरलो.