तो व्हिडिओ काढता येत होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आमच्या व्यवसायात समुपदेशकानंही दुसऱ्या समुपदेशकाकडे जायची पद्धत आहे, तशी मीही एका बाईंकडे जाते – त्यांनाही नाही. त्यांच्यापुढे मी बाकीचे दोष मांडले. चिडचिड, सासूबाईंवरचा जुना राग, मुलाच्या मार्कांवरून केलेला त्रागा. असले दोष सांगायला सोपे असतात. ते सांगितले की माणूस उलट प्रामाणिक दिसतो. हे सांगितलं तर मी कुठूनही बरी दिसत नाही. म्हणून तोंड शिवून बसले.

मी आनंद शिकवते. हसा, हसायला हरकत नाही, मलाही आता हसू येतं – कडू. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं ऑफिस आहे आणि दारावरच्या पाटीवर ‘सकारात्मक मानसशास्त्र व डिजिटल स्वास्थ्य’ असं लिहिलंय. शाळा-कॉलेजांत, बँकांत, दूध संघांच्या कर्मचाऱ्यांपुढे मी व्याख्यानं देते. मोबाईल हातात असूनही सुखी कसं राहायचं, सोशल मीडियावर चांगलं तेवढं कसं टिपायचं, वगैरे. माझा चॅनेलही आहे. त्या चॅनेलसाठी माझा एक वेगळा आवाज आहे. घरात मी शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल अशी बोलते. कॅमेरा लागला की मात्र तो आवाज येतो – मऊ, ओलसर, वाक्याच्या शेवटी हळूच खाली बसणारा. हल्ली तो कानावर पडला की मला अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

त्या आवाजात मी एक प्रयोग शिकवायचे. कुणी ऑनलाईन तुमच्याबद्दल वाईट लिहिलं, तर ती कमेंट मोठ्यानं वाचायची, हसायचं, आणि लिहिणाऱ्याला धन्यवाद म्हणायचं. कृतज्ञता हा आमच्या शास्त्रातला मोठा विषय आहे आणि त्यात खरंच तथ्य आहे; स्वतःच्या आयुष्यातलं चांगलं आठवल्यानं माणसाला बळ येतं, हे मी अजूनही मानते. पण शिवी देणाऱ्याचे आभार माना, हे शास्त्रात कुठंच नाही. ती माझी भर. कॅमेऱ्यासमोर छान दिसायचं ते, म्हणून घातली.

अंकिता माझ्याकडे आली ती तिच्या कॉलेजमुळं. गारगोटीजवळच्या खेड्यातली मुलगी, इथं होस्टेलवर राहून बी.ए. करत होती. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धा गाजवलेली. कॉलेजच्या गॅदरिंगला बोलायला उभी राहिली आणि मधेच अडखळली. पुढचं काही आठवेना. माईकपुढं तशीच उभी राहिली, मग रडायला लागली. एवढंच. कुणाच्याही बाबतीत होईल. पण कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं, त्याला कसलंतरी संगीत लावलं, आणि गावभर हसं झालं. ती वर्गात येईनाशी झाली, तेव्हा कॉलेजनं मला बोलावलं – डिजिटल स्वास्थ्याच्या तज्ज्ञ म्हणून!

मी काय करायला हवं होतं? दार लावून तिच्याशी बोलायला हवं होतं. सायबर पोलिसांकडे तक्रार कशी द्यायची ते सांगायला हवं होतं. तिला जेवलीस का विचारायला हवं होतं. मी तिला माझ्या ऑफिसात नेलं, खिडकीपाशी चांगला उजेड येतो तिथं बसवलं, आणि माझा तो प्रयोग करू या म्हटलं. आपण व्हिडिओ करू, तू सगळ्यांना हसून उत्तर दे, बघ जग कसं बदलतं. ती हो म्हणाली. मॅडम सांगतायत म्हटल्यावर ती नाही कशी म्हणणार?

ती एकेक कमेंट वाचत गेली आणि धन्यवाद म्हणत गेली. तिच्या चेहऱ्याबद्दलच्या. तिच्या ड्रेसबद्दलच्या. मी कॅमेऱ्यामागून मान हलवत होते, हसायची खूण करत होते. मग एक आली. तिचे वडील म्हशी पाळतात हे कुणा गाववाल्यानं लिहिलं असावं, आणि त्याखाली एकानं लिहिलं होतं की हिच्या बापाच्या अंगाचा शेणाचा वास स्क्रीनमधून येतोय. ती थांबली. माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, ह्याला पण म्हणायचं काय?”

मी हो म्हटलं. ह्यालाच म्हणायचं, ह्यातच खरी ताकद आहे, म्हटलं. त्याच त्या आवाजात. आणि तिनं म्हटलं – हसून, हात जोडून, बापाच्या अपमानाला धन्यवाद म्हटलं. मला तेव्हा काय वाटलं सांगू? वाटलं, हा शॉट भारी आला.

इथवर तुम्ही म्हणाल, चूक झाली, उत्साहाच्या भरात झाली. तसं असतं तर मी हे केव्हाच सांगून मोकळी झाले असते. चुकीची कबुली द्यायला आम्ही लोकांना शिकवतोच. व्यासपीठावरून दिली तर टाळ्याही पडतात. मला सांगायचंय ते ह्याच्या पुढचं आहे. मी अजून त्याच्या आजूबाजूलाच फिरते आहे, हे मलाही कळतंय.

व्हिडिओ खूप चालला. माझा कुठलाच व्हिडिओ तेवढा चालला नव्हता. पुण्या-मुंबईच्या लोकांनी खाली हृदयं आणि फुलं टाकली, काय धीराची मुलगी म्हणून. आणि कॉलेजातल्या पोरांनी त्यातला तेवढाच तुकडा कापला, हात जोडून धन्यवाद म्हणणारा, आणि त्याच्यापुढं वाटेल ते लावायला सुरुवात केली. ती बाजारात गेली तरी मागून कुणीतरी हात जोडून तो शब्द ओरडायचं. आधी तिच्या नावावर रडण्याची एक क्लिप होती. मी तिला दुसरी मिळवून दिली.

मग तिचे वडील आले. सकाळची धार काढून, डेअरीला दूध घालून, पहिल्या एसटीनं आलेले. पायऱ्यांखाली चपला काढून आत आले आणि खुर्ची पुढं केली तरी टेकून बसले नाहीत. मुलीला घरी घेऊन गेले होते. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता.

“मॅडम, पोरगी जेवंना झालीया,” ते म्हणाले. “बाकीच्यांचं काय करायचं ते करू, पर तुमच्याकडचा तेवढा व्हिडिओ काढा की. तुमच्याकडनंच घेत्यात म्हणं सगळी.”

खरं होतं ते. मूळ माझ्याकडचं होतं, म्हणून रोज नवा कुणीतरी येऊन उचलत होता. ते काढणं म्हणजे काय? फोन हातातच होता. चार ठिकाणी बोट लावायचं, संपलं. शाळकरी पोरालाही येतं. पण त्याच आठवड्यात पुण्याहून एका परिषदेचं आमंत्रण आलं होतं – माध्यमं आणि आनंद ह्यावर काम करणाऱ्या तज्ज्ञांची परिषद – आणि त्यांनी मला बोलावलं होतं ते ह्याच व्हिडिओवरून. आयुष्यात पहिल्यांदा मला कोल्हापूरच्या बाहेर कुणीतरी विचारत होतं.

मी त्यांना म्हटलं, दादा, एकदा टाकला की तो कंपनीच्या ताब्यात जातो. आता ते माझ्या हातात राहिलेलं नाही. कुणालाच काढता येत नाही.

हे ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. संशयानं नाही – तसं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना माझीच दया आली. “व्हय, मग तुमी तरी काय करणार,” म्हणाले. उठले, दारापाशी थांबले आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. म्हैस व्यायली होती, खरवस होता. “तुमी लई केलासा आमच्या पोरीसाठी,” म्हणाले.

तो खरवस मी खाल्ला. घरी नेला, वेलदोडा घातलेला, दाट. मुलाला दिला, नवऱ्याला दिला, स्वतः पुन्हा घेतला. छान झालाय म्हटलं. आजही कुणी माझ्यापुढं खरवस ठेवला की मी गोड कमी केलंय म्हणून सांगते.

पुण्यात मी तो व्हिडिओ पडद्यावर दाखवला. हॉलमधले सगळे मोबाईलच्या व्यसनावर बोलायला आलेले आणि टेबलाखाली प्रत्येकाचा अंगठा चालू. अंकितानं हात जोडले तेव्हा मात्र सगळ्यांनी माना वर केल्या. एका बाईंनी डोळे पुसले. कुणीतरी विचारलं, आता कशी आहे ती मुलगी? मी म्हटलं, बहरली आहे. असला शब्द मी एरवी वापरतही नाही. ती तेव्हा कॉलेज सोडून घरात बसली होती. पुढं बाहेरून परीक्षा दिली म्हणे, पण चार माणसांपुढं तोंड उघडून बोलली नाही पुन्हा. बोलणं हेच जिचं सगळं होतं, तिचं मी ते घेतलं आणि त्यावर भाषणं ठोकत फिरले.

व्हिडिओ मी काढला, पण केव्हा? पुढं एका मोठ्या कंपनीचं काम येत होतं. त्यांच्या माणसानं चॅनेल चाळून सांगितलं की ह्या व्हिडिओखालच्या कमेंट फार घाण आहेत, आपल्या ब्रँडला शोभत नाहीत. मी लगेच काढला. गॅसवर चहा ठेवलेला होता, तो उकळायच्या आत काम झालं. अंकिताच्या घरी कळवलं नाही. कळवणार काय? निघत नव्हता तो निघाला कसा, हे सांगावं लागलं असतं.

तरीही मी इतकी वर्षं स्वतःला समजावत होते, की झालं ते झालं, एका घरापुरतं झालं. मागच्या महिन्यात एक फोन आला. नेसरीकडचा माणूस, अंकिताच्या वडिलांचा पाहुणा, म्हणजे नात्यातला. त्याच्या मुलीचा फोटो कुणीतरी घाणेरडा करून व्हायरल केला होता. महिने लोटले होते. मी विचारलं, अहो, मग लगेच पोलिसांत का नाही गेलात? काढून टाकायला का नाही लावलात?

“अवो, आमच्या पावण्यांनी सांगितलं न्हवं,” तो म्हणाला, “एकदा वर गेलं की निघत न्हाई. कोल्हापूरच्या मॅडमनीच सांगितलंय, त्यांचा सोताचाच निघाला न्हाई, म्हणून. मग जाऊन काय करायचं, म्हणून गप बसलो. आता पोरगी काय करंल काय न्हाई, भ्या वाटाय लागलंय, म्हणून म्हटलं तुमास्नीच इचारावं.”

एवढे महिने ती मुलगी माझ्या एका वाक्यामुळं तसल्या फोटोसकट जगत होती. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? दादा, मी खोटं बोलले होते, तेव्हाही निघत होतं, पहिल्या दिवशीही निघालं असतं. फोनच्या पलीकडं तो वाट बघत होता. मी त्याला सायबर पोलिसांचा पत्ता दिला, काय लिहायचं ते सांगितलं, सगळं नीट सांगितलं. आणि मग माझा तो मऊ आवाज आला.

म्हटलं, दादा, आता नियम बदललेत.