सरकलेला रकाना

गांधीबागेतल्या त्या ठोक कापडाच्या दुकानात मी सायकलवर कापड विकत फिरायचो तेव्हापासून जात होतो. शेठ बोलायचे गोड, भावही बरा लावायचे. पण त्यांच्या पांढऱ्या गादीवर 'बसा' असं त्यांनी मला कधी म्हटलं नाही. मी पायरीशी उभा राहून ताके पाहायचो आणि माझ्यामागून आलेलं मोटारीतलं गिऱ्हाईक चपला काढून सरळ वर जायचं. पुढे माझं स्वतःचं शिलाईचं दुकान झालं, शाळांच्या गणवेशांचं काम मिळू लागलं, तरी ती पायरी मनातून गेली नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. एका मोठ्या प्राथमिक शाळेचं काम मला पहिल्यांदाच मिळालं. शाळा फक्त मुलांची. पांढरा सदरा, खाकी हाफपँट. शाळा उघडेल त्या दिवशी एकही पोरगा गणवेशाविना दिसला तर पुढच्या वर्षी दुसरा शिंपी बघू, असं मुख्याध्यापकांनी तोंडावर सांगितलं होतं.

त्याच उन्हाळ्यात मी सीताबर्डीवर कॉम्प्युटर शिकायला जाऊ लागलो. शिकवणारी बाई माझ्या पुतणीच्या वयाची. फी ऐकून मी खुर्चीवरून उठलोच.

"शेवटचा आठवडा गाळा, अन् तेवढी फी कमी करा," मी म्हणालो.

"काका, शेवटीच तर कामाचं शिकवतो आम्ही."

"काम मले येते. तुम्ही फक्त मशीन शिकवा."

बरीच घासाघीस करून मी आठवडा गाळायला लावला आणि खूष होऊन जिना उतरलो.

क्लासच्याच मशीनवर मी शाळेचा तक्ता केला. एका रकान्यात वर्ग, दुसऱ्यात मुलं, तिसऱ्यात सदऱ्यांचं कापड, चौथ्यात हाफपँटचं. एका नगाला सरासरी किती कापड लागतं ते त्या त्या रकान्याच्या वरच्या ओळीत. मुलांची संख्या गुणिले वरचा आकडा, एवढंच सूत्र. ते खाली उतरवताना वरची ओळ हलू नये म्हणून तिच्या क्रमांकाआधी डॉलरची खूण द्यायची, हे बाईंनी शिकवलं होतं. सदऱ्यांचा रकाना मी तोंडी ताडून पाहिला. अगदी बरोबर. मग तेच सूत्र शेजारी हाफपँटच्या रकान्यात ओढलं आणि दोन्ही कडांना भोकं असलेल्या त्या लांब कागदावर तक्ता छापून घेतला. हाफपँटचा रकाना ताडून पाहावा असं मला वाटलंच नाही.

तो कागद घेऊन मी शेठकडे गेलो. त्यांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, पांढरं ठीक आहे. पण इतक्या सदऱ्यांना ही खाकी कमी पडेल. एक ताका जास्त न्या."

"तुमचा माल खपवाचा आहे म्हणून माझा हिशेब चुकला काय?" मी ओरडलो. गादीवरची गिऱ्हाइकं वळून पाहू लागली, तसा मला आणखी जोर चढला. "हे मशीननं काढलेलं आहे, शेठ. तुमच्या अंदाजानं नाही!"

"मशीननं कधी चड्डी बेतली काय?" ते हसून म्हणाले, आणि कागदावर होती तेवढीच खाकी त्यांनी मोजून दिली.

बेतायचं काम माझी बायको करायची. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले असताना तिनं कात्री खाली ठेवली.

"अहो, खाकी पुरून नाही राहिली."

"काहून नाही पुरत? कात्री ढिली चालवली असशील तू!"

कारागिरांच्या मशीन थांबल्या. ती शांतपणे म्हणाली, "मंग तुमच्या कॉम्प्युटरले इचारा. उरलेल्या पोरांले नुसता सदरा घालून धाडा म्हणा." कोणीतरी तोंडावर रुमाल धरून हसलं.

मी तक्ता घेऊन क्लासमध्ये गेलो. बाईंनी हाफपँटच्या रकान्यावर बोट ठेवलं. सूत्र शेजारी ओढलं, तसा मुलांचा रकानाही एक घर सरकला होता. मुलांच्या संख्येऐवजी सदऱ्यांचे मीटर गुणले गेले होते. लहान पोरांच्या सदऱ्याला मीटरपेक्षा जरा कमीच कापड लागतं, म्हणून आकडा थोडासाच उतरला होता आणि डोळ्याला खुपला नव्हता. बाईंनी मुलांच्या रकान्याच्या अक्षराआधी तीच डॉलरची खूण टाकली आणि पुन्हा ओढलं. खाकी वाढली.

"हे मले काहून नाही सांगितलं?"

"शेवटच्या आठवड्यात होतं, काका," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं.

दुसऱ्या दुकानांत खाकी होती, पण कुठे पिवळट, कुठे हिरवट. एका रांगेत उभ्या पोरांच्या चड्ड्या दोन रंगांच्या दिसल्या असत्या. शेठकडे जाण्यावाचून इलाज नव्हता.

मी पायरीशी पोचायच्या आतच त्यांनी नोकराला हाक मारली. नोकरानं आतून ताका आणला. तोच रंग, गिरणीचा तोच लॉट. माझ्यासाठी बाजूला ठेवलेला.

"तुम्हाले ठाऊक होतं, तर त्या दिवशी..." मी सुरुवात केली.

"बोललो होतो ना, भाऊ. तुम्ही गरम होते." मग ते सरकले आणि गादीवर जागा करून म्हणाले, "वर या, बसा."

या एका शब्दासाठी मी वर्षानुवर्षं कुढलो होतो. गादीवर कसा बसेन, मांडी कशी घालेन, हेही ठरवून ठेवलं होतं. पण चपलेतून पाय निघेना. "घाई आहे," असं पुटपुटलो. घासाघीस केली नाही. त्यांनी आधीचाच भाव लावला, याचंही वाईट वाटलं. थोडा चढा लावला असता तर रागाला काही धरायला मिळालं असतं. ताका खांद्यावर टाकून निघालो, सायकलच्या दिवसांसारखा.

त्या वर्षी सगळी पोरं एका रंगात शाळेत गेली. पण मला आठवते ती ताका आणला त्या दिवशीची संध्याकाळ. बायकोनं नव्या ताक्याचं टोक उरलेल्या तुकड्याला लावून उजेडात पाहिलं. रंग जुळला. ती खाली बसून खडूनं खुणा करू लागली. ती काहीतरी बोलेल म्हणून मी दारात थांबलो. कारागीरही माना खाली घालून मशीन चालवत होते. कात्री ढिली नव्हती, आकडाच माझा चुकला होता, एवढं म्हणायचं सोडून मी तिच्यासमोर बसलो आणि कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं.