सगळं कागदावर आहे

त्या गोदामात आम्ही एकेचाळीस माणसं होतो. आकडा पक्का आहे, कारण यादी मीच केली होती.

हैदराबाद राज्य मोडून आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. सोनपेठजवळच्या एका खेड्यात मी एकटाच मास्तर होतो. बाजाराच्या दिवशी सोनपेठहून खडू आणि हजेरीच्या वह्या घेऊन परत निघालो. वाटेतल्या ओढ्यात गोदावरीचं पाणी उलटं शिरलं होतं. पुढे जाता येईना, आणि वळून पाहिलं तर मागचा रस्ताही बुडालेला. मधल्या उंचवट्यावर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं दगडी गोदाम होतं. बाजाराहून परतणारे सगळे तिथे चढले. कोणी कोणाच्या ओळखीचं नव्हतं.

मी कामाला लागलो. बाया आणि लेकरं आतल्या भिंतीकडे, पुरुष दाराकडे. प्रत्येकाच्या पिशवीतलं पीठ, डाळ, मीठ एका जागी. जळण म्हणजे एका मोडक्या दाराच्या फळ्या, म्हणून चूल एकच. लोकांनी ऐकलं, अशा वेळी सांगणारा कोणी तरी लागतोच. पण आपसात बोलणारी माणसं मी जवळ गेलो की गप्प व्हायची आणि विचारायची, "काय करायचं, मास्तर?"

दाराशी मात्र चाळिशीची एक धनगरीण बसली होती. बाजारात न खपलेल्या तीन घोंगड्या तिने लेकरांखाली अंथरल्या होत्या, कोणी न सांगता. तिचा नवरा ओढ्यापलीकडे वडाखाली मेंढरं घेऊन उतरला होता.

"मला उशीर झाला की त्यो वाट बघत बसत न्हाई," ती म्हणाली. "हुडकायला निघतो. पवता येत न्हाई, पर पाण्यात शिरंल."

"मंग मेंढरं कोन बघंल?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"मेंढरायला त्याच्यापरीस जास्त अक्कल हाय."

सगळे हसले. ती दारातून हलली नाही. तिची नजर पाण्यावर होती.

दिवस मावळायच्या आत मी यादी केली. नाव, गाव आणि निरोप कुणाला, असे तीन रकाने. मी तिला मालकाचं नाव विचारलं. तिने मान खाली घातली. "नवऱ्याचं नाव कशी घेईल ती, मास्तर?" म्हातारा म्हणाला. मी लिहिलं, वडाखालचा मेंढरंवाला.

"आन तुमचा निरोप कुनाला?" तिने विचारलं.

"माझं इकडं कोणी नाही."

"तिकडं?"

तिकडे, जिंतूरला, थोरला भाऊ होता. वर्षभरात त्याचं पत्र नव्हतं, माझंही नव्हतं. रकाना मोकळा सोडून मी पुढच्या माणसाला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून एक भोई वाळलेले भोपळे कमरेला बांधून पोहत आला. माणूस नेता येणार नाही, निरोप नेईन, म्हणाला. पलीकडच्या गावात चावडीवर नायब तहसीलदार येऊन बसले होते. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले आणि एकदमच सांगू लागले. धनगरणीने त्याचा दंड धरला.

"दादा, वडाखाली जा. म्हनावं, जिनिंगात हाय, पाण्यात शिरू नगंस."

"कोंचा वड?"

ती खूण सांगू लागली. पाऊस पुन्हा वाढत होता. भोई सारखा पाण्याकडे बघत होता.

"बाई, सोडा त्याला," मी म्हणालो. "सगळं कागदावर आहे. साहेब वाचून एकेकाला कळवतील."

तिने दंड सोडला. वह्यांवरच्या मेणकापडात यादी गुंडाळून मी त्याच्या मुंडाशात बांधली. तोंडी काही सांगत बसू नको, हे साहेबांच्या हातात दे, असं बजावलं. त्याने अगदी तसंच केलं.

तिसऱ्या दिवशी पाणी कमरेइतकं उतरलं. हात धरून आम्ही ओळीने पार झालो. काठावर माणसं उभी होती. ज्यांची त्यांना सापडली. साहेबांनी मला बाजूला घेतलं. भला माणूस होता.

"मास्तर, हा कागद तुमचा का? मी पुण्याकडचा. मला हे वाचता येत नाही. वाचणारे कचेरीतले पेशकार पुरामुळे घरीच अडकलेत."

मी कागद पाहिला. उजवीकडून डावीकडे, सुरेख, एकेचाळीस ओळी. माझं सगळं शिक्षण हैदराबादच्या राज्यात उर्दूतून झालेलं. फळ्यावर मी मराठी लिहीत असे, पण घाईत हात जुन्या वळणावर जायचा. लिहिताना ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

काठावरची सगळी तोंडं बघून धनगरीण वडाकडे निघाली होती. मी मागून गेलो. वडाखाली तीन दगड होते, भिजलेली राख आणि लेंड्या. जवळच गवत कापणाऱ्या एका बाईने सांगितलं, "काल दुपारीच गेला की. चावडीवर दोनदा इचारून आला. साहेब म्हनले, कागद आलाय, पर वाचता येत न्हाई. मंग खाली कुन्या गावाला बाईचं मढं लागलंय म्हनून ऐकलं, तसा मेंढरं घेऊन निघाला."

"खाली म्हंजे ह्याच काठानं?" धनगरणीने विचारलं.

"ह्याच."

"म्हंजे जिता हाय," ती म्हणाली. तिने घोंगड्या खांद्यावर टाकल्या. दोनच होत्या, तिसरी कोणाच्या तरी लेकराभोवती गेली होती.

"चिठ्ठी लिहून देतो," मी म्हणालो. "मराठीत. वाटेतल्या गावांत दाखवा."

"नगं, मास्तर. म्या तोंडानंच इचारत जाते."

ती रागावली नव्हती. काठाकाठाने चालत गेली. मी लांबच्या बाभळींपर्यंत तिला पाहिलं, मग शाळेत येऊन ओले खडू ताटात पसरले.

त्यानंतर कुठलीही यादी करण्याआधी मी विचारतो, ही वाचणार कोण. बाजाराला गेलो की घोंगड्या विकणाऱ्यांना तिच्याबद्दल विचारत असे. कोणाला ठाऊक नव्हतं. हिवाळ्यात त्या वडाखाली पुन्हा मेंढरं बसलेली दिसली. शाळा सुटताच मी गेलो. ते धनगर दुसरे होते.